बटण पाहुण्यानं दाबायचं

ये गं सई, बस इथं माझ्यापुढं. पुण्यात असलीस तरी बस. मी लिहिते आणि तू वाचते आहेस म्हणजे आपण समोरासमोरच आलो. आणि ते कानातलं आधी काढ. एका कानात गाणं आणि एका कानात मावशीआजी, असं चालायचं नाही. तुझ्या आईलासुद्धा मी चालू दिलं नव्हतं.

रागवायचं नाही असं ठरवून बसले होते, पण रागावतेच थोडी. परवा फोनवर तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस, की शाळेत आता सगळ्यांनी आपापला टॅब आणायचा, त्यावरच धडे. बरं वाटलं. मग म्हणालीस, शेजारच्या आरतीकडं टॅब नाही, ती सारखी माझ्यात डोकावते, म्हणून मी मधे दप्तर उभं केलं. हे ऐकून माझ्या घशात चहा अडकला बघ. तू जिची लेक आहेस, ती तुझी आई सुरेखा आज पुण्यात नर्सिंगच्या पोरींना शिकवते, ती अशाच एका डोकावणाऱ्या पोरीमुळं. म्हणजे त्या पोरीमुळं आधी तिची शाळा सुटली, आणि मग टिकली. आणि दोन्हीच्या मधे होत्या आमच्या भोरबाई. त्यांचं नाव तू ऐकलं असशील. पण भोरबाईच म्हणायच्या तसं विचारते, ऐकलंस का नुसतं कानावर पडलं?

हे वाक्य बाई दिवसातून कितीदा म्हणायच्या त्याला गणती नव्हती. पोरांना म्हणायच्या, दूधवाल्याला म्हणायच्या, मला म्हणायच्या. मी म्हणावं, "हो हो, ऐकलं बाई." की लगेच, "काय ऐकलंत? सांगा बरं." आणि खरं सांगते, निम्म्या वेळा मला सांगता यायचं नाही.

माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर. निरगुडसरच्या अलीकडचं आपलं गाव, तेव्हा रस्ता कच्चा होता. दुकानात पेन्सिली, गोळ्या, चहापत्ती आणि टॉर्चचे सेल. मागं एक खोली होती, ती मी बाईंना भाड्यानं दिली होती. जुन्नरच्या त्या. एकट्याच आल्या, ट्रंक आणि छत्री घेऊन. नवऱ्याचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तो विषय माझ्याकडं नाही. माझ्याकडं इंग्रजी आहे."

ती छत्री म्हणजे बाईंचा तिसरा हात होता. उन्हात डोक्यावर, पावसात डोक्यावर, आणि एरवी बोट म्हणून. हातात पुरुषी घड्याळ, मोठं, पांढऱ्या तबकडीचं. चहा बशीतच प्यायच्या आणि फुंकर घालताना डोळे मिटायच्या. गाईला भ्यायच्या. एवढी खमकी बाई, पण रस्त्यात गाय आडवी आली की दुकानात शिरून म्हणायची, "मावशी, तिला जरा सांगता का?" जशी काही गाय माझी विद्यार्थिनी!

बाई इंग्रजी शिकवायच्या आणि पहिल्याच दिवशी वर्गाला सांगायच्या, "माझं इंग्रजी जुन्नरचं आहे. पोटापुरतं. वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलताना ते माझ्या तोंडात आडवं होतं. खरं कसं बोलतात ते डब्यातला माणूस सांगेल. तर डबा पाहिजे."

डबा म्हणजे टेप, रेडिओ. आता शाळेत टेप नव्हता असं नाही. होता. हेडसरांच्या कपाटात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खोक्यासकट. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला निघायचा. बाईंनी मागितला तेव्हा हेडसर म्हणाले, "बाई, बिघडला तर?"

"वापरला नाही तर तो बिघडलेलाच आहे की सर."

टेप काही मिळाला नाही. तेव्हा बाईंनी पोरांना सांगितलं, "घरून आणा. पण विचारून आणायचा. न विचारता आणलेला टेप मी वर्गात घेणार नाही."

आता तुला हे सांगायला पाहिजे, की त्या काळी आपल्याकडं घरातला टेप म्हणजे साधी वस्तू नव्हती. तो लग्नात आलेला असायचा. जावयाला घड्याळ, अंगठी आणि टेप. बायकोनं त्याला क्रोशाचं झाकण विणलेलं असायचं, कुणी त्यावर मोर काढायचं, कुणी नाव घालायचं. फळीवर उंच ठेवलेला. त्याला हात लावायचा मान घरधन्याचा. असा तो बापाच्या लग्नातला टेप पोरगं पोटाशी धरून शाळेत नेतंय, आणि मागनं आई ओरडतीय, "आरं, झाकण काढू नगंस, धूळ जाईल!" हे मी दुकानात बसून रोज बघायची. हसू यायचं आणि भरूनही यायचं.

बाई आधी टेपाची ओळख करून द्यायला लावायच्या. पोरानं उभं राहायचं आणि सांगायचं, हा कुणाचा, कुठून आला, काय काय ऐकवतो. एक जण म्हणाला, "हा माझ्या वडलांच्या लग्नातला. ह्याचं एक बटण मामानं बसून मोडलं." ज्यांच्या घरी टेप नव्हता, त्यांनाही उभं करायच्या. तेव्हा हिरा उठली. हिरा म्हणजे भीमाशंकरच्या बाजूची, वरच्या डोंगरातली पोर. तिकडं भात आणि नाचणी, शाळा लांब. म्हणून इकडं मामाकडं राहून शिकायची, मामा कुणाच्या तरी शेतावर वाट्यानं करायचा. तिच्याकडं कसला टेप! ती उठली, कानाला हात लावला आणि म्हणाली, "बाई, हा माझा कान. आजीनं टोचला. डाव्यानं जास्त ऐकू येतं." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगली वस्तू आहे. जपून वापर."

आणि मग बाईंनी तो नियम काढला. ज्याचा टेप, त्यानं बटण दाबायचं नाही. ज्याच्याकडं नाही, तो त्या टेपाचा पाहुणा. बटण पाहुण्यानं दाबायचं. मालकानं फक्त धरून बसायचं. पोरं कुरकुरली. "बाई, टेप आमचा आन् बटन त्यानी का?" बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी पाहुणा आला तर पहिलं ताट कुणाला वाढतात?"

झालं. शाळेच्या ओट्यावर, लिंबाखाली, पाण्याच्या टाकीपाशी, जिथं तिथं एक टेप आणि भोवती पोरांचा घोळका. बाईंनी पुण्याहून धडे वाचलेल्या कॅसेटी आणल्या होत्या, त्या आळीपाळीनं फिरायच्या. बाई छत्री घेऊन एका घोळक्यातून दुसऱ्यात. आणि खिडक्यांच्या कट्ट्यावर सेल वाळत घातलेले! उतरलेला सेल उन्हात ठेवला की थोडा जीव धरतो ना, तसे. माझ्याकडचे सेल सारखे संपायचे. मला बरंच होतं, पण घरोघरी बापे चिडायचे. संध्याकाळी बातम्या लावायला जावं तर टेप मेलेला. हेडसर एकदा ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, ही शाळा हाय का रेडिओ दुरुस्तीचं दुकान?"

"दुकानात माणसं निदान ऐकून तरी घेतात, सर."

मी समोर तराजूत साखर तोलत होते. तराजू हलायला लागला माझा, हसून हसून.

आता तुझ्या आजोबांकडं वळते. दशरथभाऊ, तुझ्या आईचे वडील. तुझी आई त्यांना दादा म्हणते. आणि त्यांचे वडील गेनूअण्णा. तू अण्णांना बघितलं नाहीस. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमधे बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या ना, घाटात म्हणजे धावायच्या चढावर, त्या शर्यतीत भोंग्यावरून पुकारा करायचं काम अण्णांचं. कुणाचा गाडा आला, कुठले बैल, पुढं पळणाऱ्या घोडीवर कोण, गाडा सुटला, निम्म्यात आला, बारी झाली. गाड्याची एक धाव म्हणजे बारी. अण्णा पुकारायला बसले की माणसं गाडा बघायची कमी आणि अण्णा ऐकायची जास्त. आम्ही बायका तर घाटात जायचोच नाही, देवळात नारळ फोडून घरी पुरणाला लागायचो. पण भोंगा घरात ऐकू यायचा. पोळपाटावर हात थांबायचे.

एका वर्षी दशरथभाऊंनी लग्नातला टेप घाटात नेऊन अण्णांचा पुकारा भरून घेतला. त्यात त्यांच्या स्वतःच्या गाड्याची बारी होती. पुकारणाऱ्यानं पक्षपात करायचा नसतो, म्हणून अण्णांनी आपल्या बैलांचं नावही दुसऱ्याच्या बैलांसारखंच घेतलं, सरळ आवाजात. फक्त शेवटी गाडा वर गेला तेव्हा त्यांचा आवाज फाटला. एकाच ठिकाणी. दोन वर्षांनी अण्णा गेले. कॅसेट राहिली. दर यात्रेच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे जमले की दशरथभाऊ झाकण काढायचे आणि ती लावायचे. फाटलेल्या आवाजापाशी सगळे गप्प व्हायचे. मग चहा.

तुझी आई तेव्हा नववीत. टेप शाळेत न्यायची, हिरा तिची पाहुणी. त्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं, आज आपलाच आवाज भरायचा, कोरी कॅसेट घाला, तांबडं आणि पलीकडचं बटण एकदम दाबा. आणि यात्रा जवळ आली म्हणून दशरथभाऊंनी आत घालून ठेवलेली कॅसेट काढायला सुरेखा विसरली. कोरी तिच्या दप्तरातच राहिली. हिरानं दोन बोटं ठेवून बटणं दाबली. घोळक्यानं तोंड उघडलं. धडा भरला. कुणाला काही कळलं नाही. टेप क्रोशाच्या झाकणात गुंडाळून घरी गेला आणि फळीवर बसला.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या घरी पुरण वाटायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय. ओसरीवर मंचरचे आणि आळे गावचे पाहुणे. आळ्याकडचे तर सुरेखालाच बघून गेलेले होते, त्यांच्या मुलासाठी. पोर शिकतीय, दोन वर्षं थांबू, असं दशरथभाऊंनी त्यांना तेव्हा सांगितलेलं. आता सगळे मांडी घालून बसले. दशरथभाऊंनी बटण दाबलं, डोळे मिटले.

आणि टेपातून सगळी पोरं एका सुरात, "गुड मॉर्निंग! हाऊ आर यू? आय ॲम फाईन, थँक यू!"

क्षणभर कुणाला समजेना. मग मंचरचा पाहुणा मांडीवर थाप मारून म्हणाला, "दशरथराव, अण्णा वर जाऊन लई शिकलं की!"

ओसरी हसली. पाहुण्यांचं काय चुकलं म्हणा, त्यांना वाटलं गंमत. पण मी आत दाराआडून दशरथभाऊंचा चेहरा बघितला. त्यांनी कॅसेट पुढं पळवली, मागं आणली, पुन्हा लावली. पोरंच. मग खट्ट झालं आणि अण्णांचा आवाज आला, पण तो शेवटचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाड्याचा. आपल्या बारीचा सगळा पुसला होता.

ते ओरडले नाहीत. टेप बंद केला, झाकण घातलं आणि आत येऊन सुरेखाला एवढंच म्हणाले, "बास झाली शाळा. उद्यापासून घरात." मग ओसरीवर जाऊन आळ्याच्या पाहुण्यांजवळ बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण पाहुण्यानं मान हलवली ती मला दिसली. तुझ्या आजीच्या हातातली पळी खाली पडली.

यात्रा झाल्यावर शाळा भरली. सुरेखा नाही. हिरा रडून लाल. बाईंनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि दुपारी माझ्या दुकानात आल्या. साखरेच्या पोत्यावर बसल्या. बशीतला चहा तसाच. मी म्हणाले, "बाई, त्या पोरीचा काय दोष? तिला काय ठावं आत काय व्हतं?"

"पोरीचा नाहीच. बटण मी दाबलं, मावशी. नियम माझा होता." मग उठल्या. "चला."

"कुठं?"

"गाय आडवी आली तर कोण सांगणार तिला?"

अशी मी त्यांच्याबरोबर गेले. दशरथभाऊ कांद्याच्या रानात होते, काढणी चालू होती. बाईंना बघून त्यांनी पाठ केली. बाई बांधावर छत्री उघडून बसल्या. मग बाई छत्री मिटून बायकांच्या रांगेत जाऊन कांद्याची पात कापायला बसल्या. त्यांना येत होतं थोडंच! कांदाच कापायच्या. बायका पदर तोंडावर धरून हसल्या. दशरथभाऊ शेवटी आले आणि म्हणाले, "बाई, तुमी मास्तरीन मानूस, तुमाला उलटं बोलावना. आमचा कांदा नासवू नका. जावा."

गेलो. दुसऱ्यांदा गेलो, तर ते बाजाराला गेले होते, किंवा तसं सांगितलं. सुरेखा दारात उभी होती, खाली बघत. आळ्याचे लोक पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायला यायचे होते. बाई मंचरला जायला मिळेल त्या गाडीत बसल्या आणि संध्याकाळी परत आल्या. कशाला गेल्या होत्या, विचारलं नाही मी.

तिसऱ्यांदा निघताना त्यांनी हिराला बरोबर घेतलं. दशरथभाऊ गोठ्यापुढं दोर वळत बसले होते. मागं बादल बांधलेला, त्या गाड्यातला शेवटचा राहिलेला बैल, म्हातारा. बाई त्याला बघून दोन पावलं मागं सरल्या, मग तशाच उभ्या राहिल्या.

हिरा म्हणाली, "काका, बटन मी दाबलं."

दशरथभाऊंनी वर बघितलं. "तुझ्यावर राग न्हाई माझा. पर तुमाला काय कळायचं, काय गेलं ते."

"नाहीच कळत," बाई म्हणाल्या. "मी घाट कधी बघितला नाही. बायकांना कोण नेतंय? म्हणून विचारायला आले. काय होतं त्यात?"

"आवाज व्हता अण्णाचा."

"काय म्हणायचे?"

"काय म्हनायचं म्हंजी? पुकारा."

"कसा?"

"आता कसा म्हंजी..." दशरथभाऊंनी दोर खाली ठेवला. "निशानावर गाडा आला की आदी नाव घ्यायचं. गावाचं, मग मालकाचं, मग बैलांचं. मग थांबायचं. लई थांबायचं न्हाई. मानूस श्वास घेतो तेवढं." बसून सांगता येईना, म्हणून ते उठले. एक हात कानावर गेला. "आन् मग... सुटला! सुटला रं सुटला! आला, आला, घोडीच्या मागं आला, निम्म्यात आला, बादल बघा, बादल बघा मंडळी..."

सई, तुला काय सांगू. गोठ्यात बादलनं मान वर केली. कान टवकारले. घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. त्या बापाच्या तोंडून त्याचा बाप बोलत होता, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. "...वर चालला, वर चालला, झाली! बारी झाली!"

आणि दारातून आवाज आला, "दादा, तिथं न्हाई फाटायचा आवाज."

सुरेखा. इतक्या दिवसांत बापाशी पहिल्यांदा बोलली.

"आँ?"

"अण्णांचा 'झाली'ला न्हाई फाटायचा. त्याच्या आदी. 'वर चालला' दोनदा सरळ म्हनायचं आन् तिसऱ्यांदा म्हनायला गेलं की फाटायचा. आन् मग 'झाली' एकदम बारीक."

"तिसऱ्यांदा?"

"व्हय. तिसऱ्यांदा."

दशरथभाऊ ओठांतल्या ओठांत पुटपुटून बघत होते. मग म्हणाले, "म्हन बरं."

आणि तुझी आई, नववीतली पोर, दारात उभी राहून अख्खी बारी म्हणाली. पहिल्यापासून. मधले श्वास सुद्धा. तिसऱ्या 'वर चालला'ला तिचाही आवाज फाटला, पण तो का फाटला, हे देवाला ठाऊक.

भोरबाई अगदी हळू म्हणाल्या, मला म्हणाल्या की दशरथभाऊंना, कोण जाणे, "हिच्या कानावर पडलं नव्हतं. हिनं ऐकलंय."

दशरथभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. आत गेले, टेप घेऊन आले, झाकणासकट. बाईंपुढं धरला. "भरून घ्या."

बाईंनी तो हिराच्या हातात दिला. हिरा दशरथभाऊंकडं बघायला लागली. बोट काही हलेना तिचं. "दाब गं पोरी," ते म्हणाले, "नेम हाय ना तुमचा?"

बाईंनी कॅसेट उलटून घातली आणि हिरानं बटणं दाबली. आणि आता गंमत ऐक. टेप चालू झाल्याबरोबर दशरथभाऊ ताठ झाले, घसा खाकरला आणि आकाशवाणीवर बसल्यासारखे म्हणाले, "नमस्कार मंडळी. मी दशरथ गेनू, आपणांसमोर सविनय सादर करीत आहे..." सुरेखा फस्सकन हसली. मग हिरा. मग आतून तुझी आजी. मग दशरथभाऊ स्वतः. ते हसणं पण भरलं त्यात. नीट पुकारा दोनदा बिघडून तिसऱ्यांदा जमला, बापलेकीनं मिळून.

शाळेबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही. निघताना फक्त कॅसेट मागितली, तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा पिनेनं मोडला आणि म्हणाल्या, "हे मोडलं की वरून काही भरता येत नाही. पुसतच नाही."

"हे आदी का न्हाई सांगितलं?"

"मलाच ठाऊक नव्हतं. मंचरच्या दुरुस्तीवाल्याकडं जाऊन शिकून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते. तुझी आई येताना दिसली, टेप पोटाशी धरून. मागं दशरथभाऊ, सायकल हातात धरून चालत. फाटकापाशी थांबले, मला म्हणाले, "मावशी, चांगलं सेल द्या. ह्याच्यातलं उतरल्यात." आळ्याच्या पाहुण्यांचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सुपारी फुटली नाही. बाईंनी त्या दिवशी वर्गात तो तुकडा मोडायचं शिकवलं, आणि पोरांनी उत्साहानं घरी जाऊन बापांच्या कोऱ्या कॅसेटीसुद्धा मोडून ठेवल्या. त्याबद्दल आठवडाभर बाईंना शिव्या खाव्या लागल्या.

पुढच्या यात्रेला गावानं भोंगा दशरथभाऊंच्या हातात दिला. घाटात बाप्यांच्या गर्दीत एकच छत्री उघडी. खाली भोरबाई, मांडीवर टेप, शेजारी सुरेखा आणि हिरा. लोक वळून वळून बघत होते. त्या वर्षी मी पण गेले. पुरण सकाळीच करून ठेवलं.

नंतर टेप गेले आणि मोबाईल आले. बाईंची शाळेतली शेवटची वर्षं ती. पुन्हा तेच, घरून आणा, विचारून आणा. पण मोबाईल घरात एकच, आणि त्याच्यावर बाजारभाव येणार. वर्गात धडा चालू आणि फोन वाजायचा. नियमाप्रमाणं तो पाहुण्यानं उचलायचा. एकदा नारायणगावचा टोमॅटोचा व्यापारी होता. पाहुणं पोरगं घाबरून बाईंकडं बघायला लागलं. बाईंनी फोन घेतला. "हां, बोला. किती देता? एवढाच? मग नको." आणि ठेवला. ज्याचा फोन त्याला घामच फुटला. पण तासाभरात व्यापाऱ्याचा परत फोन आला, वाढवून दिले म्हणून. तेव्हापासून दोन-तीन बाप मुद्दाम इंग्रजीच्या तासालाच फोन पाठवायचे, असं म्हणतात. नव्या हेडसरांनी मग मोबाईलवर बंदी घातली. बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "कपाट मोठं झालं, एवढंच."

नोकरीतून सुटल्यावर त्या बहिणीकडं संगमनेरला राहायला निघाल्या. दशरथभाऊंनी जीप केली, आम्ही आळेफाट्यापर्यंत सोडायला गेलो. ट्रंक तीच, छत्री तीच. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारी कॉलेजातली एक पोर बसली होती, मोबाईलची वायर दोन्ही कानांत. बाई तिला काहीतरी बोलल्या. पोरीनं आधी बघितलंच नाही. मग बाईंनी छत्रीनं हळूच तिच्या गुडघ्याला टोकरलं. गाडी हलली तेव्हा मला दिसलं ते सांगते. वायरचं एक टोक पोरीच्या कानात, दुसरं पदराखाली बाईंच्या कानात. फोन पोरीच्या हातात, आणि बटणावर बोट बाईंचं. डोळे मिटलेले, बशीवर फुंकर घालताना मिटायच्या तसे. आम्ही हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या ऐकत होत्या.

पुन्हा त्यांची भेट झाली नाही. फोनवर बोलायचो, मग काही वर्षांनी तिकडून त्या गेल्याचा निरोप आला. हिरा आता घोडेगावला नोकरी करते. दर यात्रेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या ओसरीवर येते, आणि ती आल्याशिवाय दशरथभाऊ टेप लावत नाहीत. अजून चालतो तो. बाईंनी मोडलेला तुकडा तसाच मोडका आहे. आधी "गुड मॉर्निंग, हाऊ आर यू", मग खट्ट, मग कुणाच्या तरी गाड्याचे अण्णा, आणि दुसऱ्या बाजूला बापलेकीचा पुकारा आणि ते हसणं. आता पाहुण्यांना "गुड मॉर्निंग" नसलं तर चुकल्यासारखं होतं.

तर सई, यंदा ये. तुझ्या आईला सुट्टी नसेल तर तू एकटी ये, आळेफाट्याला उतर, दशरथभाऊ घ्यायला येतील. नाही, एकटी नको. ते दप्तर मधनं काढ आणि आरतीला घेऊन ये. हिरा म्हणते, तिची बोटं आता दुखतात, आणि टेप तुमच्या घरचा आहे, म्हणून तुला काही बटण दाबता यायचं नाही. लवकर या दोघी. पुरण मी सकाळीच करून ठेवीन.